अनुदान बंद झाल्याचं लेखी कारण आणि फाइलच्या नकला कशा मागायच्या?

रानजाई | ८ जून

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते कमी. आज मदत हवी म्हणून धागा काढलाय.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. डावा पाय लहानपणापासून अधू, आणि दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. संजय गांधी निराधार योजनेतून त्याला दरमहा पैसे मिळायचे. गेल्या ऑक्टोबरपासून दिव्यांग लाभार्थ्यांना १,५०० ऐवजी २,५०० रुपये झाले, तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी आईला चष्मा करून दिला. एप्रिलपासून खात्यात काहीच आलेलं नाही. तहसील कार्यालयात चार खेपा झाल्या. खिडकीवर सांगतात, "टक्के कमी आलेत, म्हणून बंद झालं."

आता हे खरं आहे की त्याचा दिव्यांगत्वाचा जुना दाखला पाच वर्षांच्या मुदतीचा होता आणि त्यावर ४७ टक्के होते. जानेवारीत नवा निघाला त्यावर ३५ आहेत. पण पाय तोच आणि कान तेच. उलट ऐकू येणं आणखी कमी झालंय.

कारण लेखी द्या म्हटलं तर म्हणाले, "असं लेखी देत नाही." मग माहिती अधिकारात अर्ज केला, सात प्रश्न लिहिले. अनुदान का बंद केलं, टक्के कसे कमी झाले, नोटीस का दिली नाही, वगैरे. एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "मागणी केलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहितीच्या व्याख्येत बसत नाही."

भाऊ म्हणतो, सोड ताई. त्याचं ते "सोड" मला ऐकवत नाही. पुढे काय करू?

कडूनिंब | ८ जून

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या काकूंच्या बाबतीत हेच झालं होतं, आम्ही वर्षभर नुसत्या चकरा मारल्या. अर्जाची पोच जपून ठेवा एवढंच सांगते. जाणकार मंडळी लिहितीलच.

टिपणीवाला | ९ जून

महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली काही वर्षं याच शाखेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, माहिती अधिकारात "का" विचारू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितलं आहे की "का" या प्रश्नाचं उत्तर ही कायद्याच्या व्याख्येतली माहिती नव्हे. जन माहिती अधिकाऱ्याने कारण शोधून, नवीन वाक्य तयार करून द्यायचं नसतं. त्याच्या कार्यालयात जो कागद आहे तो द्यायचा असतो. तुम्हाला आलेलं उत्तर कोरडं आहे, पण पूर्ण चुकीचं म्हणता येत नाही.

म्हणून "का" ज्या कागदावर लिहिलंय तो कागद मागा. सरकारी कामात पैसे असे आपोआप थांबत नाहीत. कोणीतरी टिपणी लिहितो, ती वर जाते, कोणीतरी सही करतो. लाभार्थ्याचं प्रकरण समितीपुढे आलं असेल तर बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद असते. तुमच्याकडून गेलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढलेला असतो. खिडकीवरचा माणूस तोंडी जे सांगतो तो निर्णय नाही. तो बिचारा बहुतेक वेळा अंदाजाने बोलतो, त्याने फाइल उघडलेलीही नसते.

मी लोकांना असा अर्ज करून द्यायचो (नस्ती म्हणजे फाइल):

"प्रति, जन माहिती अधिकारी, संजय गांधी योजना शाखा. विषय: माझ्या नावच्या अनुदान प्रकरणाची नस्ती. कालावधी: मागील वर्षीच्या १ एप्रिलपासून आजपर्यंत. आवश्यक तपशील: माझ्या प्रकरणाच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराच्या साक्षांकित प्रती, अनुदान स्थगित अथवा बंद करण्याचा आदेश, संबंधित समिती बैठकीच्या इतिवृत्तातील माझ्या प्रकरणापुरता उतारा, माझ्या नावे प्राप्त कागदपत्रांच्या आवक नोंदवहीतील नोंदी, ज्या शासन निर्णयाच्या आधारे कार्यवाही झाली त्याची प्रत. प्रती घेण्यापूर्वी नस्तीचे अवलोकन करू द्यावे."

एवढंच. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. इतिवृत्तात बाकीच्यांची नावं असतात म्हणून नकार देतात कधीकधी. म्हणूनच "माझ्या प्रकरणापुरता उतारा" लिहिलंय. शिवाय कलम १० प्रमाणे देता न येणारा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो.

आणि शेवटची ओळ, अवलोकनाची, ती गाळू नका. नकलांमध्ये काय द्यायचं ते कार्यालय ठरवतं. फाइल समोर बसून वाचली की काय आहे आणि काय नाही ते तुम्हाला दिसतं.

पांथस्थ | ९ जून

टिपणीवाला काकांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी वकिली करतो, थोडी भर घालतो.

ताई, तो पहिला अर्ज कोणाच्या नावाने केला होता? तुमच्या असेल तर भावाचे वैद्यकीय कागद "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून कलम ८(१)(ञ) दाखवून अडवू शकतात. अर्ज भावाच्याच नावाने, त्याच्याच सहीने करा. अवलोकनाला सोबत जाण्यासाठी त्याच्याकडून तुमच्या नावे अधिकारपत्र घ्या. त्याला कमी ऐकू येतं, तेव्हा कलम ७(४) चा उल्लेख जरूर करा. ज्ञानेंद्रियाची अक्षमता असलेल्या व्यक्तीला माहिती मिळावी, तिला अवलोकन करता यावं, यासाठी आवश्यक ती मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. माहिती कशासाठी हवी हे मात्र सांगायची गरज नाही, कलम ६(२).

दुसरं. "का" विचारायचा हक्क तुम्हाला नाही असं कृपया समजू नका. त्याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. ते माहितीच्या अर्जात कोंबायचं नाही. त्यासाठी तहसीलदारांच्या नावे साधं, वेगळं पत्र द्या: "माझे अनुदान एप्रिलपासून थांबले आहे. मी बाधित व्यक्ती आहे. कलम ४(१)(घ) नुसार या निर्णयाची कारणे मला लेखी कळवावीत." दोन कागद, दोन पोच.

पहिल्या उत्तरावर अपील करायचं तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं स्टॅम्प. पण तुमचे प्रश्नच तसे असतील तर नव्याने नीट अर्ज करणं लवकर होईल.

आणि दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करा.

सह्यकडा | १० जून

मला हे सगळं पटत नाही, स्पष्ट लिहितो. माहिती अधिकाराचा कागद पडला की टेबलावरचा माणूस दुखावतो आणि काम आणखी लांबतं. आमच्याकडे नायब तहसीलदारांना जाऊन भेटलो, नीट बोललो, दोन महिन्यांत सुरू झालं. आधी माणसाशी बोला. गरिबाला कायद्याच्या वाटेने जाणं परवडत नाही.

टिपणीवाला | १० जून

दादा, भेटायला जरूर जावं, मीही तेच सांगेन. पण पत्र घेऊन जावं आणि पत्राची पोच घेऊन यावं. माझ्या टेबलावर रोज तीस माणसं यायची. मन लावून ऐकलं तरी संध्याकाळपर्यंत कोणाचं काय होतं ते लक्षात राहत नसे. ज्याचा कागद टेबलावर असायचा त्याचंच काम दुसऱ्या दिवशी आठवायचं. यात राग-लोभाचा भाग फार कमी असतो.

अस्थिमज्जा | ११ जून

मी जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात डॉक्टर आहे, दिव्यांगत्वाचे दाखले देणाऱ्या मंडळावर काही वर्षं बसले आहे. मला टक्क्यांचं खटकलं. ताई, जुन्या दाखल्यावर पाय आणि कान यांचे टक्के वेगवेगळे लिहिले आहेत का?

रानजाई | ११ जून

हो! आत्ता काढून बघितला. पाय ३५, कान २०, एकत्रित ४७. मला नेहमी वाटायचं ३५ आणि २० म्हणजे ५५ व्हायला हवेत.

पहिला अर्ज माझ्याच नावाने केला होता, ते चुकलंच.

अस्थिमज्जा | ११ जून

नाही, ४७ बरोबर आहेत. एकापेक्षा जास्त अक्षमता असतील तर सरळ बेरीज करत नाहीत. केंद्र सरकारच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सूत्र दिलंय: मोठ्या आकड्यात भर घालायची ती लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. तुमच्याकडे ३५ अधिक २० गुणिले ५५ भागिले ९०. म्हणजे ३५ अधिक १२.२. झाले ४७.

आता नवा दाखला बघा. ३५. म्हणजे पायाचे टक्के एकानेही कमी झालेले नाहीत. माझ्या मते या वेळी कान मोजलेच गेले नाहीत. नव्या दाखल्यावर अक्षमतेचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. फक्त चलनवलनविषयक, म्हणजे अस्थिव्यंग, असेल तर उलगडा झाला.

असं होतं, आणि कोणाच्या मनात वाईट नसताना होतं. अस्थिरोग आणि कान-नाक-घसा यांचे तपासणीचे वार वेगळे असतात. पेशंट एका दिवशी येऊन जातो, दुसऱ्या विभागात पोचतच नाही. जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयाकडे भावाच्या नावाने वेगळा अर्ज करा आणि या तीन गोष्टी मागा: ऑनलाइन अर्जाची प्रिंट, प्रत्येक विभागाच्या तपासणीचा कागद, श्रवण चाचणीचा आलेख. आलेख नसेल तर "अभिलेखावर उपलब्ध नाही" असं लेखी येईल, आणि तेच तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं कागदपत्र ठरेल.

उंबरठा | १२ जून

माझी मुलगी मतिमंद प्रवर्गात आहे. तिच्या वेळी दाखलाच नाकारला होता. मला तोंडी सांगितलं आणि मी तसाच घरी आलो. पुढे कळलं की २०१७ च्या केंद्रीय नियमांमध्ये अर्ज नाकारला तर कारणं लेखी कळवायची तरतूद आहे, त्यासाठी छापील नमुनासुद्धा आहे. तो कागद मागितला, मिळाला, त्यात "बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल जोडलेला नाही" एवढंच होतं. अहवाल माझ्या घरी कपाटात होता. सात महिने कपाटात होता.

ताई, मागा. मागायला लाजू नका, आणि भावाला सांगा की हे भांडण नाही.

पांथस्थ | १२ जून

उंबरठा, फार मोलाचा अनुभव. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५९ खाली अपील आहे. पण आधी कागद, मग अपील. कशाविरुद्ध अपील करायचं हेच माहीत नसताना केलेलं अपील वाया जातं.

रानजाई | २१ जुलै

उशिरा लिहितेय, पण सगळं नीट लिहिते.

तिन्ही कागद १५ जूनला दिले: तहसीलमध्ये माहितीचा अर्ज आणि कारण मागणारं पत्र, रुग्णालयात माहितीचा अर्ज. सगळे भावाच्या नावाने. सह्या करताना तो दोनदा थांबला. म्हणाला, नाव माझं आहे तर मीच देणार. स्वतः खिडकीत उभा राहून त्याने पोच घेतली.

अवलोकनाची तारीख १० जुलै मिळाली. आम्ही दोघं गेलो. बाईंनी (नवीन आलेल्या अव्वल कारकून आहेत) एक खुर्ची स्वतः ओढून भावाला दिली आणि त्याच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने, सावकाश बोलल्या. कलम ७(४) अर्जात लिहिलं होतं म्हणून असेल किंवा त्यांचा स्वभाव असेल.

फाइल जाडजूड असेल असं वाटलं होतं. नाडीने बांधलेले जेमतेम तीसेक कागद. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पृष्ठ क्रमांक. शेवटून दुसऱ्या पानावर टिपणी होती, मी शब्दशः उतरवून घेतली: "लाभार्थ्याचा हयातीचा दाखला अप्राप्त. सबब अनुदान स्थगित करणेस मान्यतेस्तव सादर." खाली सही.

टक्क्यांचा शब्दही नाही. नवा ३५ टक्क्यांचा दाखला तर त्या फाइलमध्ये नव्हताच!

मी भावाला ती ओळ बोटाने दाखवली. त्याने वाचली, परत वाचली, आणि म्हणाला, "ताई, हयातीचा दाखला मी फेब्रुवारीत दिलाय. ११ तारखेला." त्याच्याकडे पोच होती. घरी, बँकेच्या पासबुकात घडी करून ठेवलेली. मग आम्ही आवक नोंदवही मागितली, आणि ११ फेब्रुवारीची ओळ सापडली. त्याचं नाव, विषय "हयात दाखला", समोर टेबल क्रमांक. कागद कार्यालयात आला होता, फक्त या फाइलला लागला नव्हता. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, हे आमच्याकडून झालंय."

चार महिने आम्ही टक्के, टक्के करत होतो.

अकरा पानांच्या नकला घेतल्या, दोन रुपयांप्रमाणे २२ रुपये. त्याच दिवशी पोचेची झेरॉक्स आणि नोंदवहीच्या उताऱ्याचा हवाला देऊन पत्र दिलं, थकलेल्या महिन्यांसह अनुदान सुरू करा म्हणून.

टिपणीवाला | २१ जुलै

वाचून गळा दाटला. भावाने पोच पासबुकात ठेवली, त्या एका गोष्टीवर सगळं उभं राहिलं. त्याला माझा नमस्कार सांगा.

सह्यकडा | २२ जुलै

ताई, मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो. आम्ही भेटून काम करून घेतलं, पण बंद कशामुळे झालं होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं तर आमच्या हातात काहीच नाही. या आठवड्यात वडिलांच्या नावाने अर्ज करतोय, वरचाच नमुना घेऊन.

कडूनिंब | २२ जुलै

पण मग ३५ टक्क्यांचं काय? ४० च्या खाली असेल तर पुढे अडचण येईलच ना? नवा दाखला दिलाच नाही तर?

रानजाई | २३ जुलै

तो विचार माझ्याही मनात आला होता, खोटं सांगत नाही. आम्ही तसं केलं नाही. पत्रातच लिहिलं की जुन्या दाखल्याची मुदत संपली आहे, नवा निघालाय त्यात श्रवण तपासणी झालेली नाही, फेरतपासणीसाठी अर्ज केला आहे. भावाचं म्हणणं होतं, आपण त्यांच्याकडे कागद मागतो तर आपलाही कागद खरा हवा.

रुग्णालयाचं उत्तरही आलंय. डॉक्टर ताई, तुमचा अंदाज अचूक निघाला. ऑनलाइन अर्जाच्या प्रिंटवर अक्षमतेचा प्रकार एकच निवडलेला: अस्थिव्यंग. तो अर्ज नेट कॅफेत भरला होता, मी शेजारी उभी होते, फोनवर बोलत होते. श्रवण चाचणीच्या मुद्द्यासमोर "अभिलेखावर उपलब्ध नाही". मंडळाने जे मागितलं होतं तेच तपासलं. त्यांच्यावर चार महिने मनात राग धरला होता, त्याचं आता वाईट वाटतंय.

अस्थिमज्जा | २३ जुलै

वाईट वाटून घेऊ नका. नाव नोंदवताना आम्हीही "आणखी काही त्रास आहे का" हे विचारायला हवं. कमी ऐकणारा माणूस तर गर्दीत मान डोलावून मोकळा होतो. मी आमच्याकडे नोंदणीच्या टेबलावर तसा कागद चिकटवायला सांगितलंय, आजच.

फेरतपासणीला जाताना जुना दाखला, जुने श्रवण आलेख आणि श्रवणयंत्राची चिठ्ठी असेल तर ती घेऊन जा. दोन्ही विभागांचे वार आधी विचारून घ्या.

रानजाई | १९ सप्टेंबर

अनुदान सुरू झालं. थकबाकीसह. सोबत नायब तहसीलदारांच्या सहीचं पत्र आहे, त्यात स्थगितीचं कारण आणि ते कसं दूर झालं हे दोन्ही लिहिलंय. भावाने ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासबुकासोबत ठेवलंय.

फेरतपासणी दोन दिवस चालली, मंगळवारी पाय आणि गुरुवारी कान. पाय ३५, कान या वेळी २६. घरी येताना बसमध्येच त्याने तिकिटाच्या मागे हिशेब मांडला आणि मला दाखवला: ५०.९. दाखल्यावर ५१ आलेत.

मृगनक्षत्र | २ ऑक्टोबर

धागा आजच सापडला, सगळा वाचला. माझ्या आईचंही अनुदान तीन महिन्यांपासून थांबलंय. खिडकीवर म्हणाले आधार लिंक नाही, बँक म्हणते लिंक आहे. आई अंथरुणाला खिळलेली आहे, सहीपण नीट येत नाही. कुठून सुरुवात करू?

रानजाई | २ ऑक्टोबर

सही येत नसेल तर अंगठा चालतो, शेजारी साक्षीदाराची सही घ्या. अर्ज आईच्याच नावाने करा. बँकेकडून आधार जोडल्याचं लेखी घ्या, तोंडी नको. आणि आधी मला एवढं सांगा: आतापर्यंत तुम्ही तिथे काय काय कागद दिले, आणि त्यातल्या कशाकशाची पोच तुमच्याकडे आहे?